एकाच आळीत वाढलो, आता तो लग्नाचं विचारतोय

गंगापुरीची_मुलगी:

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी वाईची. आमचं घर गंगापुरीत. आमच्या आणि त्याच्या घराची भिंत एकच आहे. त्याचं नाव लिहीत नाही, 'तो'च म्हणते. बालवाडीपासून दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. त्याच्या आजोबांनी आम्हा दोघांच्या पाठीला एकेक पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत सोडलं, तसे पोहायला शिकलो. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव असतो, प्रत्येक घाटाचा आपापल्या दिवशी. आमच्या घाटाच्या पंगतीत तो मीठ वाढायचा आणि मी पाणी. मोठी माणसं लहान मुलांना तीच कामं देतात. पुढे तो पुण्याला आणि मग बंगळूरला गेला. मी साताऱ्यात नोकरी करते, रोज एसटीने जाऊन येऊन. आता दोघेही अठ्ठावीसचे.

यंदा उत्सवाला आला होता. लहानपणी जायचो तसे सायकलवर मेणवलीला गेलो. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे ना, तिच्यापाशी माझ्या सायकलची चेन पडली. मी ती बसवत होते आणि तो शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "आपण लग्न करूया का?" माझे दोन्ही हात काळे झालेले. मी म्हटलं, "आधी चेन बसू दे." त्यानंतर घरी येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

माझी अडचण अशी. त्याला बघून माझ्या छातीत धडधड होत नाही. घरी आल्यासारखं वाटतं. ते पुरेसं असतं का? आणि उद्या बिनसलं, तर नवऱ्याबरोबर मित्रही जाईल, त्याची आई (जिला मी जन्मापासून काकू म्हणते) जाईल आणि मधली भिंत खरीच भिंत होईल. नाही म्हटलं तरी तेच.

ज्यांनी बालमित्राशी किंवा बालमैत्रिणीशी लग्न केलंय त्यांनी खरं सांगा. मैत्री उरली का?

खमंग_थालीपीठ:
हो म्हणून टाक गं! बाकीचं वाचायला मी बसलेच आहे.

बोरीकाठची:
तुझं लिखाण वाचून तीस वर्षं मागे गेले. मी अमळनेरची, आमचं लग्न १९९४ चं. तो आमच्याच गल्लीतला, चार घरं सोडून.

आमच्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई असते. रोज संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. ताटावर झाकण असायचं, घरची बाई डबा हलवून आवाज ऐकवायची. हा स्वयंपाकघरात डोकावून यायचा आणि बाहेर मला खुणा करायचा. डोक्यावर हात म्हणजे लाडू, बोट वाकडं केलं की शेव. सगळ्या मुलींना वाटायचं मी फार हुशार.

आता तुझ्या प्रश्नाचं. मैत्री उरली, पण पहिली दोन-तीन वर्षं ती लपवून ठेवावी लागली. ज्या घरात मी मागच्या दाराने धावत जायचे, त्याच घरात माप ओलांडून पुढच्या दाराने गेले आणि घर एकदम अनोळखी झालं. ज्या बाईने मला मांडीवर बसवून कळण्याची भाकरी भरवली होती, तिला माझी भाकरी जाड वाटायला लागली. मी त्याला जन्मभर 'अरे' म्हणत आले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता 'अहो' म्हणायचं. चार माणसांत शोभत नाही.

मग आम्ही वाटणी केली. खाली 'अहो', गच्चीवर 'अरे'. वाळवणं घालायला, कपडे आणायला, काही ना काही निमित्ताने मी गच्चीवर जायचे. वर गेलं की तो खाऊच्या खुणा करणारा पोरगा परत भेटायचा. पापड करायचं काम मी कधी टाळलं नाही बघ.

तुझ्या काकू सासूबाई झाल्यावर थोड्या बदलतील, याची तयारी ठेव. वाईट होतील असं नाही. त्यांनाही नवीनच असेल ते.

सांजवात७४:
बोरीकाठची, गच्चीवरचं 'अरे' वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्यात उलट झालं. मी लग्नाआधी 'अहो' म्हणायचे कारण ते माझ्या दादाचे मित्र, आणि लग्नानंतर हट्टाने 'अरे' वर आणलं.

पाटाखालचं_पाणी:
आमची ही पाहुण्यांसमोर 'अहो' म्हणते, भांडताना 'अरे' आणि फार रागावली की माझं शाळेतलं टोपणनाव घेते. बालमैत्रिणीशी लग्न करणाऱ्याला एवढी एक शिक्षा भोगावी लागते. पण त्या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलंय, म्हणून मी ती भांडणंही जपतो.

अभ्यासू_मांजर:
धडधड होत नाही, याबद्दल थोडं. एडवर्ड वेस्टरमार्क नावाच्या फिनलंडच्या अभ्यासकाने १८९१ मध्ये मांडलं की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांचं आकर्षण वाटत नाही. पुढे इस्रायलमधल्या किबुत्झ वसाहतींचा अभ्यास झाला. तिथे मुलं आईबापांपासून वेगळी, एकाच बालगृहात वाढायची. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात अडीच हजारांहून जास्त लग्नं तपासली, पण पहिली सहा वर्षं सलग एकत्र काढलेल्या दोघांनी आपसांत केलेलं लग्न सापडलं नाही. तेव्हा धागाकर्तीला जे वाटतंय, त्याला कारण असू शकतं.

अण्णा_बार्शीकर:
मांजरबाई, माहिती चांगली आहे, पण आळीत वाढणं म्हणजे एका बालगृहात वाढणं नव्हे. दिवेलागणीला आम्ही आपापल्या घरी जायचो, वेगवेगळ्या आयांच्या हातचा मार खायचो. रात्र मध्ये असायची. सकाळी परत भेटायची ओढ त्या रात्रीमुळेच तर होती.

अभ्यासू_मांजर:
मान्य, अण्णा. त्या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेतले गेलेत. आणि आपल्याकडे तर मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी चाल. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी करताना महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या मधला प्रदेश असल्याचं दाखवलंय. उत्तरेत अशी लग्नं निषिद्ध. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची नको. सुट्टीत मामाच्या गावाला एकत्र आंबे खाल्लेली कितीतरी मुलं पुढे नवरा-बायको झालीच की.

अकोल्याचा_बाप्पू:
माया सख्ख्या काकाचं लग्न तसंच झालं. काकू अजून बी म्हणते, "मले तर हा लहानपणी नाक पुसाले शिकवावा लागला." काका हासत बसते.

निळं_छप्पर:
थोडं कडू लिहिते, माफ करा. हो म्हण, हो म्हण चाललंय, म्हणून मुद्दाम लिहितेय.

मी कोकणातल्या एका लहान गावातली. शेजारच्याच वाडीतला मुलगा, मैत्री तुझ्यासारखीच. चोविसाव्या वर्षी लग्न केलं, एकतिसाव्या वर्षी वेगळे झालो. मारहाण, व्यसन, दुसरी बाई असं काहीच नव्हतं. लोकांना कारण सांगताच येत नाही.

कारण हे होतं. त्याला दहावीतली मी पाठ होती. मला सुरमई आवडते, बांगडा नाही. मी अंधाराला घाबरते. मला गणित येत नाही. हे तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. मी मुंबईत हिशेबतपासनीसांच्या ऑफिसात रोज आकडेमोड करत होते आणि घरी पाहुण्यांसमोर "हिला पाढे यायचे नाहीत" यावर हसणं चालायचं. मी काही नवीन केलं की म्हणायचा, "तू अशी नव्हतीस." ते वाक्य मी सात वर्षं ऐकलं. अनोळखी माणसाशी लग्न केलं असतं तर त्याला मला विचारावं तरी लागलं असतं. याला वाटायचं, सगळं माहीतच आहे.

गावी गेले की त्याच्या आईकडे अजून जाते. तुळशीपाशी बसून दोघी चहा घेतो. त्याच्याशी मात्र बोलणं नाही. म्हणजे तुझी भीती अर्धी खरी ठरली, अर्धी नाही.

तुला धडधड होत नाही, ही मला काळजीची गोष्ट वाटत नाही. तो तुला अजून काही विचारतो का, ते बघ.

बोरीकाठची:
निळं_छप्पर, तुझं वाचून गप्प बसले. माझ्या नवऱ्याने मला कधी 'तू अशी नव्हतीस' म्हटलं नाही, हे मी आजवर नशीब म्हणून मोजलंच नव्हतं. लिहिलंस ते बरं केलंस.

मधला_रस्ता:
माझं वेगळंच आहे. तुमच्यापुढे हो की नाही असा प्रश्न तरी आहे. आमच्यात तो विचारायचाच नव्हता.

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव. शाळा एक, वर्ग एक, चिंचेचं झाडही एक. फक्त तिच्या घरी मला पाणी ओंजळीत मिळायचं. तिला याची लाज वाटायची, म्हणून ती स्वतःही माझ्यासोबत ओंजळीने प्यायची. आठवीत असेल. ओट्यावर तिची आई वरून तांब्या धरायची आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी ओंजळी करून उभे. तिची आई काही बोलायची नाही, पण तांब्याची धार तुटायची.

बारावीनंतर मी औरंगाबादला शिकायला गेलो, तिचं लग्न ठरलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या आईबापांना त्याच गावात राहायचं होतं. आता माझा संसार चांगला आहे, बायको चांगली आहे. पण धागाकर्तीताई, ज्यांना विचारता येतं त्यांनी उत्तर द्यायला महिनाभर लावला तरी हरकत नाही, फक्त उत्तर द्या.

वकीलीण_बाई:
मधला_रस्ता, तुमची ओंजळ विसरता येणार नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या परिस्थितीत असेल, म्हणून कामाचं लिहिते. वेगळ्या जाती-धर्माच्या जोडप्याला विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करता येतं. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची पूर्ण हवी. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांची मुदत असते आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. लहान गावात खरी भीती त्या फलकावरच्या नोटिशीची असते, कारण गावातलंच कुणीतरी ती वाचून घरी सांगतं. दोघं हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीही जातीची आडकाठी नाही, तिथे अशी आगाऊ नोटीस लागत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला कायद्याने मान्यता दिली ती १९१९ साली. शंभर वर्षं उलटून गेली त्याला.

टोक्योकर:
विषय जरा हलका करतो. इथे जपानीत बालपणापासूनच्या सोबत्याला 'ओसानानाजिमी' असा एकच सुटसुटीत शब्द आहे, मुलगा असो की मुलगी. मी माझ्या बायकोची इथल्या लोकांना तशीच ओळख करून देतो. मराठीत काय म्हणायचं? लंगोटीयार म्हणता येत नाही ना!

सांजवात७४:
बालमैत्रीण.

टोक्योकर:
ते निमंत्रणपत्रिकेतलं वाटतं हो. बोलण्यातला शब्द पाहिजे.

पाटाखालचं_पाणी:
सवंगडी. गोट्या खेळल्यासारखा आवाज आहे त्या शब्दाला.

टोक्योकर:
घेतला! सवंगडी.

शाळा_सुटली:
मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून एक आठवण. पूर्वी राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वर्गात सगळ्या मुलींकडून सगळ्या मुलांना राख्या बांधून घ्यायची पद्धत होती. चौथी-पाचवीतली एक-दोन मुलं दरवर्षी नेमकी त्या दिवशी गैरहजर असायची. हजेरीपट बघून आम्ही बाई लोक ओळखायचो, पण बोलायचो नाही. असाच गैरहजर राहणारा एकजण गेल्या वर्षी त्याच वर्गातल्या मुलीशी झालेल्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता.

खमंग_थालीपीठ:
बाई, तुम्ही हजेरीपट जपून ठेवलेत का? ऐतिहासिक कागद आहेत ते!

गंगापुरीची_मुलगी:
सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक प्रतिसाद दोनदोनदा वाचतेय. पण शाळा_सुटली, तुम्ही हे काय लिहिलंत! तो दरवर्षी त्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी असायचा. संध्याकाळी त्याला गृहपाठ सांगायला मीच जायचे आणि तो कॉटवर बसून ओवा चावत असायचा. तोंड वेडंवाकडं करून. पाचवी, सहावी, सातवी. मला आत्ता, हे वाचताना कळतंय.

शाळा_सुटली:
घ्या! काकूंना विचारा एकदा.

अण्णा_बार्शीकर:
मुली, आता माझं सांगतो. मी पासष्टीचा माणूस, टंकायला वेळ लागतो.

आमच्या बार्शीला तेव्हा बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी होती, अडीच फुटी रुळांची. मिरजेपासून लातूरपर्यंत जायची, मध्ये पंढरपूर, कुर्डुवाडी. आषाढीला आमची दोन्ही घरं मिळून त्या गाडीने पंढरपूरला जायची. गाडी इतकी सावकाश की चढाला पोरं उतरून बाजूने चालायची आणि परत चढायची. ती आणि मी तसे चालायचो. एकदा मी चढलो आणि तिचा हात निसटला, ती मागे राहिली. मी परत उडी मारली. पुढच्या ठेशनापर्यंत दोघं रुळांच्या कडेने चालत गेलो, तिथे दोघांच्या बापांनी दोघांना बडवलं. मी नऊ वर्षांचा, ती आठची.

आमचं लग्न झालं तेव्हा मी चोवीसचा. बायको म्हणून सदतीस वर्षं राहिली. चार वर्षांपूर्वी गेली.

धडधडीचं म्हणशील तर मला काही आठवत नाही, खरंच. पण एक सांगतो. माझी आई जाऊन तीस वर्षं झाली. आई मला हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवायची, अगदी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. ही कधीकधी संध्याकाळी मुद्दाम तश्शी हाक मारायची. मुलांना ती नक्कल वाटायची, त्यांना आजी फारशी आठवत नाही. आता ती हाक कशी होती हे माहीत असलेलं घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

निळं_छप्पर म्हणते तेही खरं आहे. माझी ही लग्नानंतर पंधरा वर्षांनी शिवणकाम शिकली आणि दुकान काढलं. मला नाही आवडलं सुरुवातीला. मी म्हणालो असेन तेच वाक्य, 'तू अशी नव्हतीस'. ती म्हणाली, "तू पण गाडीतून उडी मारणारा होतास." मग मी गप बसलो आणि दुकानाच्या फळ्या ठोकून दिल्या.

निळं_छप्पर:
अण्णा, नमस्कार करते तुम्हाला.

सांजवात७४:
अण्णांच्या प्रतिसादानंतर काही लिहावंसं वाटत नाही.

मधला_रस्ता:
खरंय. फळ्या ठोकून देणारा नवरा मिळावा ताईला.

(आठ दिवसांनी)

गंगापुरीची_मुलगी:
आले परत. जे झालं ते तसंच सांगते.

आधी काकूंना विचारलं, ओव्याचं. त्या म्हणाल्या, "श्रावणात ओव्याची बरणी संपायचीच गं आमच्याकडे. मला वाटायचं, पोराचं पोट पावसाळ्यात बिघडतं." मग माझ्याकडे बघितलं आणि हातातली लसणाची पाकळी तशीच ठेवून आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. माझ्या चहात साखर नव्हती, विसरल्या होत्या. मी तसाच प्यायले.

शनिवारी तो बंगळूरहून आला. ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला बसलो, तिथे भिंत माशासारखी निमुळती केली आहे ना, पुराचं पाणी कापायला, तिथे. मी त्याला सरळ विचारलं, दहावीनंतरची मी तुला किती माहीत आहे? मला वाटलं, तो म्हणेल सगळी. तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू एसटीत रोज तासभर काय करतेस हे मला माहीत नाही. तू चहा कधीपासून कमी केलास माहीत नाही. आणि बाबा आजारी होते तेव्हा मला फोन का नाही केलास, हे तीन वर्षं विचारायचं राहिलंय." निळं_छप्पर, मला त्या क्षणी तुझी आठवण आली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला खूप वेळ लागला. रडलेही. ते इथे लिहीत नाही.

'अरे'च म्हणणार, हे मी काकूंनाही सांगून टाकलंय. त्या म्हणाल्या, "मी काय नाही म्हटलंय? मीच तर तुला त्याच्या पाठीत धपाटा घालायला शिकवलं."

हो म्हटलंय.

आता दोन्ही घरांत एकच वाद चाललाय. वरात काढायची कशी? एका दारातून निघून शेजारच्या दारात चार पावलांवर. माझे बाबा म्हणतात वरातच नको. त्याचे बाबा म्हणतात, निघायचं, गणपतीवरून जायचं, बाजारपेठ फिरून मागल्या बाजूने यायचं, तासभर तरी लागलाच पाहिजे.

बोरीकाठची:
अगं बाई गं! त्याच्या बाबांचं ऐका. आणि वरातीत पुढच्या दाराने जा हो, पण दुसऱ्या दिवसापासून मागचं दार वापरायला लाग.

अण्णा_बार्शीकर:
चालत जा. वाहन नको.

वकीलीण_बाई:
अभिनंदन! लग्नाची नोंदणी मात्र लगेच करून घ्या, ते राहून जातं.

टोक्योकर:
सवंगड्यांना शुभेच्छा.

खमंग_थालीपीठ:
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं! पंगतीत मीठ वाढायला कोण आहे? नसेल तर माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिला घेऊन येते.

गंगापुरीची_मुलगी:
घेऊन या. पाणी वाढायला शेजारचा एक मुलगा बघून ठेवलाय.